वाणात गेलेली भाजणी

आमचं ऑफिस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. मागची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतला भाजणीचा गाळा दिसतो. दिसण्याआधी तो वासानं कळतो. सकाळी ज्वारी-बाजरी, मग डाळी, आणि जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी धणे-जिरे. धणे भाजायला लागले की आमच्याकडे सगळ्यांचे डबे उघडतात. कुणी घड्याळ बघत नाही.

गाळा ज्या बाईंचा, त्यांना अख्खी वसाहत काकू म्हणते. वय सत्तरीच्या अलीकडे. थालीपीठाची भाजणी घरी करून विकायला त्यांनी सुरुवात केली, मग गाळा घेतला, मग मुलगा इंजिनिअरिंगची नोकरी सोडून धंद्यात आला. दळण, पॅकिंग, दुकानांचा माल, सगळं मुलानं हातात घेतलं. भाजणं मात्र काकूंनी सोडलं नाही. मोठी लोखंडी कढई, लांब दांड्याचं उलथनं, आणि त्या. मदतीला दोघी होत्या, पण त्या निवडणं-पाखडणं करत. उलथनं काकूंच्याच हातात.

खांद्यानं दगा द्यायला सुरुवात केली तेव्हा मुलानं भाजायचं मशीन शोधून काढलं. फिरतं पिंप, खाली गॅस, बाजूला तापमानाचा काटा. त्यावरून मायलेकांत जुंपली. मुलगा म्हणायचा, चवीत फरक पडणार नाही. काकू म्हणायच्या, पडेल. कोण ठरवणार?

"ह्या ठरवतील," मुलगा एक दिवस आमच्या ऑफिसात येऊन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ताई, तुम्ही लोकांना विचारून सांगता ना, काय आवडतं काय नाही?"

आम्ही बाजार-संशोधन करतो. साबण, बिस्किटं, मोबाइलचे प्लॅन. लोकांना प्रश्न विचारायचे, उत्तरं गोळा करायची, आणि कशाचा कशाशी संबंध आहे ते शोधायचं. गोळा करणारी माणसं वेगळी, मी आकडे मांडणारी. एवढंसं काम आमचं ऑफिस घेत नाही. पण इतकी वर्षं ज्यांच्या धण्यांवर आम्ही डबे उघडले त्यांना नाही कसं म्हणायचं? साहेब म्हणाले, करून टाका, फावल्या वेळात.

मी दोघांना बसवून आधी सगळं ठरवून घेतलं. ही माझी सवय आहे. काय विचारायचं, कुणाला, किती घरी, आणि उत्तर आल्यावर काय करायचं. शेवटचा मुद्दा लोक नेहमी विसरतात, आणि भांडणं तिथेच होतात. मुलगा म्हणाला, फरक नाही असं निघालं तर मशीन. मी काकूंकडे बघितलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "लोकांना कळतच नसेल तर मी कशाला धूर खात बसू?"

त्यांनी ते हसत म्हटलं. पण मी टाचण करताना त्यांच्याकडे पुन्हा बघितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या. मशीन येतंय की नाही, हा त्यांचा प्रश्न नव्हताच. खांदा त्यांनाही दुखत होता. आपण इतकी वर्षं त्या कढईपाशी उभ्या राहिलो ते खाणाऱ्याला कळतं की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

धान्य एकच, दळण एकच, पाकीट एकच. अर्धा माल काकूंनी भाजला, अर्धा मशीनवाल्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मुलानं भाजून आणला. काकूंच्या पाकिटावर लाल ठिपका, मशीनच्या पाकिटावर हिरवा. ठिपक्याचा अर्थ आम्हा तिघांपलीकडे कुणाला सांगायचा नाही. एका घरी एकच पाकीट, लाल तरी नाहीतर हिरवं तरी. आठवड्यानं विचारायचं: कशी वाटली?

घरोघर जाण्याचं काम आमच्या फिल्डवालीचं. ती माझ्याच वयाची, घाटकोपरची, आणि तिला अशक्य असं काही नसतं. आजकाल सोसायट्यांत शिरणं हेच मोठं काम. गेटवर ॲपमध्ये नाव टाका, फोटो काढा, वर फोन लावा, वरून नकार येतो. हिनं मात्र घाटकोपर आणि बोरिवलीतली सगळी पाकिटं चार-पाच दिवसांत वाटून टाकली. संक्रांत नुकतीच झाली होती.

"कशी गं वाटलीस एवढी भराभर?" मी विचारलं.

"ते माझ्यावर सोड. प्रत्येक घरी एक पाकीट गेलं की नाही? गेलं. तुला आंबे खायचेत की झाडं मोजायचीत?"

आठवड्यानं तिच्या हाताखालच्या मुलींनी फोन केले, फॉर्म भरले, आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आला.

आमच्या धंद्यात दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का हे बघायची एक जुनी, साधी चाचणी आहे. तिला काय-स्क्वेअर म्हणतात. नाव भारी आहे, काम घरगुती आहे. एक तक्ता आखायचा. उभ्या रकान्यांत पाकिटाचा रंग, आडव्या ओळींत उत्तर: आवडली, ठीक, नाही आवडली. मग आधी असं धरून चालायचं की रंगाचा आणि आवडण्याचा काहीच संबंध नाही. तसं असतं तर कुठल्या चौकोनात किती फॉर्म पडले असते, ते मांडायचं. त्याशेजारी खरोखर किती पडले, ते मांडायचं. दोन्हींत थोडंफार अंतर असणारच, तो योगायोग. अंतर योगायोगाला परवडणार नाही इतकं मोठं असेल, तर समजायचं की काहीतरी संबंध आहे.

इथे अंतर जवळजवळ नव्हतंच. लाल काय, हिरवं काय, सगळ्या बायकांना सगळं छान वाटलं होतं. "नाही आवडली" ही ओळ इतकी रिकामी होती की ती "ठीक"मध्ये मिसळून टाकावी लागली.

मी तक्ता घेऊन गाळ्यात गेले. मुलानं एका नजरेत बघितलं.

"म्हणजे फरक नाही."

"फरक दिसला नाही," मी म्हटलं.

"तेच ना ताई!"

"तेच नाही. घरात चष्मा सापडला नाही म्हणजे चष्मा घरात नाही, असं होत नाही. शोधणाऱ्यानं नीट शोधलं का, तेही बघावं लागतं."

"तुम्ही शोधलंत ना? मग नीटच शोधलं असणार," तो म्हणाला. होळीच्या आत ऑर्डर दिली तर मे महिन्यात मशीन मिळणार होतं, आणि तो मनानं पुढे पोचला होता.

काकू कढईपाशी होत्या. गॅस बारीक केला, उलथनं काठाला टेकवलं.

"म्हणजे मी भाजलं काय, पिंपानं फिरवलं काय, एकच?"

"असं चाचणी म्हणत नाही, काकू. ती एवढंच म्हणते की—"

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गॅस पुन्हा मोठा केला. डाळ लागत होती.

मी जिना चढून वर आले आणि दुसऱ्या कामाला लागले. पण तो तक्ता मनातून जाईना. लोकांना सगळंच इतकं छान कधी वाटत नाही. मुंबईत तर नाहीच. वीस-पंचवीस वर्षं मी लोकांची मतं मांडतेय. फुकट दिलेल्या साबणालासुद्धा लोक नावं ठेवतात, वास उग्र आहे, वडी लवकर झिजते. आणि भाजणीला एकही नाव नाही?

त्या वर्षी रथसप्तमी बरीच लांब होती, म्हणून हळदीकुंकवंही लांबली. आमच्या मुलुंडच्या इमारतीत समोरच्या ब्लॉकमधली मैत्रीण सगळ्यात शेवटी करते, कारण तिला सगळ्यांची वाणं बघून मग आपलं ठरवायचं असतं. ऑफिसातून आले, साडी बदलली, गेले. हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, ओटीत हरभरे-बोरं पडली. मग तिनं माझ्या हातावर वाण ठेवलं.

अर्धा किलोचं भाजणीचं पाकीट. कोपऱ्यात हिरवा ठिपका.

तो ठिपका मी स्वतः चिकटवला होता. स्टिकरची ती पट्टी अजून माझ्या खणात होती.

"हे कुठून आणलंस गं?"

"का? आवडत नाही तुम्हाला थालीपीठ?"

"आवडतं. पण आणलंस कुठून?"

तिनं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? नणंदेनं दिलंय, घाटकोपरहून. तिला कुठल्यातरी हळदीकुंकवात वाण म्हणून आलं होतं. त्यांच्याकडे सून डाएटवर, मुलगा पिझ्झ्यावर, थालीपीठ खाणार कोण? माझ्याकडे एक वाण कमी पडत होतं. तूच घरची म्हणून तुला दिलं हो, राग मानू नकोस."

"राग कसला? पण तिला फोन आला असेल ना, भाजणी कशी वाटली म्हणून?"

"आला होता की! ती सांगत होती."

"मग काय म्हणाली ती?"

"काय म्हणणार? छान आहे म्हणाली."

"खाल्ली नाही तरी?"

"अगं, वाणाला कोणी नावं ठेवतं का?" ती म्हणाली, आणि माझ्या वेडेपणाला हसून पुढच्या बाईकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पाकीट फिल्डवालीच्या टेबलावर ठेवलं. तिनं ते ओळखलं, ठिपका बघितला, आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझ्याकडे कसं आलं?"

"वाणात."

तिला आधी हसू फुटलं, मग ते तिनं दाबलं. "बघ, आता चिडू नकोस. संक्रांत ते रथसप्तमी एवढाच काळ असतो यार, जेव्हा सोसायटीचं गेट उघडतं. हातात हळदकुंकवाचं ताट दिसलं की वॉचमन ॲप विचारत नाही. माझ्या ओळखीच्या बायकांना म्हटलं, यंदा तुमच्या वाणाची सोय मी करते. त्या खूश, मी खूश. एका दुपारी अख्खी विंग झाली."

"आणि वाण पुढे जातं, हे तुला माहीत नाही?"

"जातं थोडं इकडेतिकडे—"

"तू मागच्या वर्षी मला दिलेला चमच्यांचा सेट तुला कुणी दिला होता?"

तिनं पाकीट हातात उलटंसुलटं केलं. मग म्हणाली, "बोरिवलीच्या वहिनीनं."

"तिला कुणी?"

"आता अती होतंय हां! तूच म्हणालीस, घरोघरी पाकीट गेलं पाहिजे. गेलं की. एकाच्या जागी तीन घरी गेलं, तर तुला फायदाच."

ऑफिसात हशा पिकला, मीही हसले, पण काम वाया गेलं होतं. आम्ही दोघींनी बसून काही घरांना फोन लावले. आता खरं विचारलं: ते पाकीट आत्ता कुठे आहे? बोरिवलीत एकीनं कामाच्या बाईला दिलं होतं. एकीनं वर कपाटात ठेवलं होतं, चैत्राच्या हळदीकुंकवाला उपयोगी पडेल म्हणून. दोघी जावांनी आपापसांत बदललं होतं, कारण एकीचं जरा फुगीर दिसत होतं. ज्यांनी खरंच थालीपीठ लावलं होतं त्याही फोनवर मोकळं बोलल्या नव्हत्या. ज्या बाईच्या घरी वाण घेतलं, तिच्याच ओळखीनं फोन आला होता. वर तिळगूळ खाऊन गोड बोलायचं वचन दिलेलं. अशात डाळ करपट लागते असं कोण म्हणणार?

लाल फॉर्ममध्ये हिरवी भाजणी होती, हिरव्यात लाल, आणि बऱ्याच ठिकाणी भाजणीच नव्हती, नुसता शिष्टाचार होता. असं सगळं कालवलं की असलेला संबंधही पुसला जातो. चाचणी बिचारी पुढ्यात आलेलेच आकडे मांडते. ते फॉर्मपर्यंत कसे पोचले, हे तिला दिसत नाही.

गाळ्यात जाऊन सांगणं भाग होतं. मुलगा वैतागला. "ताई, आता पुन्हा? होळी आली."

"पुन्हा. होळीच्या आत देते."

काकू सुपातले धणे पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाणाचं ऐकताना हात थांबला आणि त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "माझ्या भाजणीनं पार मुलुंडपर्यंत फिरून घेतलं म्हणायचं!"

"तुमची नव्हती, काकू. हिरवी होती."

"असू दे. फिरली ना?"

दुसऱ्या खेपेची आखणी मी बारकाईनं केली. ठिकाणं तीच, घाटकोपर आणि बोरिवली; घरं नवी. या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींची रीतसर परवानगी. वेळ लागला, दोन ठिकाणी नकार मिळाला, तर तिसरी सोसायटी धरली. फिल्डवालीच्या मुलींनी दारातच सांगायचं: ही भाजणी आम्ही केलेली नाही, करणाऱ्या माणसाला खरं कळायला हवंय, वाईट बोललात तरी चालेल. घरात चार बायका बसल्या असतील तर नंतर जायचं. एकीचं ऐकून दुसरी बोलता कामा नये. "कशी वाटली" हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी: संपली का? पुन्हा विकत घ्याल का? का?

सगळ्यात उपयोगी सूचना फिल्डवालीची होती. पाकीट हातात देतानाच कात्रीनं त्याचा कोपरा कापायचा. "फोडलेलं पाकीट वाणात जात नाही," ती म्हणाली. "बघ, झाली की नाही तुझ्या सायन्सची सोय?" मुलींच्या पर्समध्ये कात्र्या गेल्या.

या वेळचे फॉर्म वाचताना जीव रमला. मुंबई पुन्हा मुंबईसारखी बोलत होती. "थालीपीठ थापताना तुटतं हो." "मुलानं दोन मागून घेतली." "धणे जरा कमी चालतील." "खाली करपल्याचा वास आहे, सगळ्यात नाही, मधूनच." "आमच्या आईच्या हातची आठवण आली." शेवटचं वाक्य दोन्ही रंगांच्या गठ्ठ्यांत होतं, हे मुद्दाम सांगते.

मग तक्ता. लाल, हिरवं, घेईन, बघू, नाही घेणार. संबंध नाही असं धरून अपेक्षित आकडे मांडले. शेजारी खरे मांडले. अंतर मोठं होतं. मी पुन्हा तपासलं, कारण चुकीच्या रकान्यात बेरीज झाली तर सगळं उलटतं. झाली नव्हती. घाटकोपर वेगळं काढलं, बोरिवली वेगळं काढलं, दोन्हीकडे तेच. रंगाचा आणि "पुन्हा घेईन"चा संबंध होता, आणि तो हिरव्याच्या बाजूचा होता.

म्हणजे मशीनच्या.

खिडकीतून धण्यांचा वास येत होता. सगळ्यांनी डबे उघडले. मी नाही उघडला. चाचणी संबंध आहे एवढंच सांगते, तो कुणाला कसा सांगायचा हे तिच्यात नसतं. मी विचार केला, जेवणानंतर जावं. मग म्हटलं, जेवणानंतर तरी काय वेगळं होणार आहे? आणि गेले.

दोघंही होते. काकूंनी नुकताच गॅस बंद केला होता, धणे परातीत पसरलेले.

"फरक आहे," मी म्हटलं. "बराच आहे."

काकू ताठ झाल्या. मुलाचा चेहरा पडला. आणि मग मी पुढचं सांगितलं, की लोकांनी मशीनची जास्त उचलली.

मुलाला हवं होतं तेच झालं होतं, पण त्यानं आईकडे बघायचं टाळलं आणि उगाच वजनकाट्यावरची पिशवी सरकवली.

"माझ्या भाजणीला काय म्हणाल्या?" काकूंनी विचारलं. "वाच."

"काकू, राहू दे ना—"

"वाच गं."

मी वाचलं. गोड गोड निवडून नाही वाचलं, आले तसे फॉर्म वाचले. आवडल्याचे होते, नावडल्याचे होते. मधूनच करपट वास, हे वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या शब्दांत, बऱ्याचदा आलं.

"हरभऱ्याची डाळ," त्या म्हणाल्या. "शेवटच्या घाण्याला खांदा उचलत नाही. उलथनं तळापर्यंत जात नाही. मला वाटायचं, दळणात मिसळून जात असेल." त्यांनी परातीतले धणे हातानं सारखे केले. "नाही गेलं."

"आई, सगळ्यांनीच नाही म्हटलेलं—" मुलगा म्हणाला.

"थांब रे तू." त्या माझ्याकडे वळल्या. "त्या बायकांना माहीत होतं, की भाजण्या दोन आहेत?"

"नाही. प्रत्येकीकडे एकच गेली. दुसरी कुणी बघितलीच नाही."

"आणि मशीनचं, हाताचं, काही सांगितलं नव्हतं?"

"काही नाही. वाटणाऱ्या मुलींनासुद्धा नाही."

"मग त्यांना कसं कळलं?"

"एकेकीला नाही कळलं," मी म्हटलं. "एकीनं फक्त आपल्या ताटातलं सांगितलं. सगळ्यांचं एकत्र मांडलं, तेव्हा दिसलं."

मी निरोप घेण्याच्या बेतात होते. त्यांना काय वाटत असेल याचा अंदाज मला तेव्हाही बांधता आला नाही, आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण त्यांचा चेहरा पहिल्या तक्त्याच्या दिवशी होता तसा नव्हता.

"म्हणजे कळतं लोकांना," त्या म्हणाल्या.

"कळतं."

त्यांनी मान हलवली. मग कढईतलं उलथनं काढून भिंतीशी उभं केलं आणि मुलाला म्हणाल्या, "त्या माणसाला फोन लाव. ऑर्डर दे. आणि विचार त्याला, पिंप फिरत असताना झाकण उघडून वास घेता येतो का. येत नसेल तर दुसरं बघ."